पालथं फुलपात्र

मान दुखणारं माणूस लांबूनच ओळखू येतं. हाक ऐकली की इतरांची मान वळते. त्याचे आधी खांदे वळतात, मग छाती, मग कंबर, आणि डोकं धडावर जसं होतं तसंच राहतं. बसमध्ये मागच्या दाराकडे बघायचं असलं तर ते जागेवरून अर्धं उठतं. स्कूटरवरची बाई चौकात वळण्याआधी आरशात दोन-दोनदा बघते, कारण मागे वळून बघणं तिला जमत नाही. मंडईत खालच्या टोपलीतली मेथीची जुडी घेताना कुणी पाठ ताठ ठेवून नुसतं गुडघ्यात वाकलं, की समजावं, कंबरेचं दुखणं जुनं आहे. मला हे बघायची सवय लागली आहे. रस्त्यावरून जाताना मी अशी माणसं नकळत टिपत जातो आणि मनात त्यांच्याविषयी आपुलकी दाटून येते. यांना घरी कोण असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

आमच्या घरात हे असं वळणं बरीच वर्षं आहे. बायको ब्लाउज शिवते. खिडकीशी मशीन, मशीनच्या डाव्या हाताला कापलेल्या कापडांची चळत, प्रत्येक कापडाला मापाची चिठ्ठी टाचलेली. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. मान सरळ असली की तो भार मणक्यांवर तोलून राहतो. ती पुढे झुकली की तोच भार मानेमागच्या आणि खांद्यांच्या स्नायूंना सतत धरून ठेवावा लागतो. मशीनवर शिलाई मारताना एक वेळ ठीक. पण हुक लावणं, काजं करणं, अस्तराची तुरपाई ही सगळी हातशिलाई म्हणजे हनुवटी छातीला टेकलेली. लग्नसराईत खिडकीतला दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो. सकाळी मानेपासून उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंतचा सगळा पट्टा ताठरलेला असतो, आणि बोटांनी चाचपला तर खाली सुपारीएवढ्या गाठी लागतात.

औषधपाणी सगळं झालं. मणक्यांमधल्या गाद्या थोड्या झिजल्यात, या वयात अशी झीज पुष्कळांच्या एक्स-रेमध्ये दिसते, असं डॉक्टर म्हणाले. मानेला पट्टा झाला, गोळ्या झाल्या, गरम पाण्याची पिशवी झाली. फिजिओथेरपीच्या बाईंनी हनुवटी मागे घेण्याचा आणि खांदे फिरवण्याचा व्यायाम शिकवला, तो ती मनापासून करते आणि त्याचाच खरा उपयोग होतो असंही म्हणते. पण असलं दुखणं जात नाही. ते मागे सरतं आणि जागा राखून बसतं.

मी कराडकडचा. आमच्या गावात पाठ दुखते असं म्हणणारी माणसं कमी. पाठीत उसण भरली असं म्हणणारी जास्त. मान धरायची, कंबर धरायची, खोकताना बरगडीत चमक निघायची. उसाच्या मोळ्या उचलून, विहिरीचं पाणी शेंदून, भुईमुगाच्या भांगलणीत दिवसभर उकिडवं बसून पाठीचं जे व्हायचं ते होई. त्यावर गावाजवळ दोन उपाय होते. पहिला पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू, आणि त्यानं पाठीला पाय लावला की उसण उतरते अशी समजूत. आमच्याकडे एक सुतार पायाळू होता. पहाटे त्याच्या दारात एखादा म्हातारा येऊन पालथा पडायचा. सुतार आधी पाय धुवायचा, मग टाच पाठीवरून फिरवायचा, आणि फिरवून झाली की लगेच वाकून त्या म्हाताऱ्याला नमस्कार करायचा. वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला होता ना! उसण उतरायची की नाही कोण जाणे. पण तो नमस्कार माझ्या डोळ्यांपुढे आजही स्पष्ट उभा राहतो.

दुसरा उपाय आमच्या थोरल्या काकूच्या हातात होता.

काकूकडे एक पितळी फुलपात्र होतं, काठ सारखा आणि कुठेही चेपलेला नाही असं मुद्दाम निवडून ठेवलेलं. त्याच्याबरोबर एक ढब्बू पैसा. जुन्या लुगड्याची मऊ चिंधी घ्यायची, मधोमध पैसा ठेवायचा, चिंधीची टोकं वर गोळा करून पीळ द्यायचा आणि दोऱ्यानं आवळायचं. खाली पैशाचं सपाट बूड, वर कापडाची वात. वात गोडेतेलात बुडवायची, निथळू द्यायची. थेंब ओघळला तर पाठ भाजेल. दुखणारी बाई सोप्यात पालथी झोपायची, चोळीची गाठ सोडलेली, गाल घोंगडीवर टेकलेला. काकू बोटांनी पाठ दाबत दाबत यायची आणि जिथं बाई श्वास रोखेल तिथं थांबायची. तिथं पैसा टेकवायचा, काडी ओढायची, ज्योत नीट उभी राहिली की वरून फुलपात्र पालथं घालायचं. क्षणभर काही होत नसे. मग आतली ज्योत विझायची आणि फुलपात्र पाठीला असं चिकटायचं की काकू वरून धरून हलवून दाखवी आणि त्याबरोबर पाठ हले.

काडेपेटी धरायचं काम माझ्याकडे होतं. लहान होतो म्हणून बायकांत बसायला मुभा होती. फुलपात्र काढतानाचा क्षण मला फार आवडायचा. ते ओढून काढायचं नसतं. काठाशी कातडी अंगठ्यानं हलकी दाबायची, फट पडली की हवा आत शिरताना बारीकसा आवाज होतो आणि भांडं आपण होऊन सुटतं. खाली लालसर, फुगीर, काठाच्या मापाचं वर्तुळ. काकू त्यावरून तेलाचा हात फिरवायची.

मोठेपणी मी शाळेत विज्ञान शिकवलं. बशीत पाणी, पाण्यात उभी मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा ग्लास हा प्रयोग दर वर्षी व्हायचा, आणि तो करताना दर वेळी मला काकूचा सोपा दिसायचा. मुलं ठामपणे सांगत, प्राणवायू संपला म्हणून पाणी चढलं. मी त्यांना म्हणायचो, नीट बघा, ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात, आणि पाणी झपाट्यानं चढतं ते ज्योत विझल्यावर. म्हणजे ज्योतीनं हवा तापते, तापून पसरते, थोडी निसटते. उरलेली निवते तेव्हा आत दाब कमी पडतो. पाठीवरही तेच. आपल्या अंगाच्या दर चौरस सेंटिमीटरवर हवा सुमारे एक किलो वजनाइतका दाब देत असते आणि आपल्याला ते कधी जाणवत नाही, कारण आतूनही तेवढाच दाब बाहेर रेटत असतो. फुलपात्र एवढ्याशा जागेवरचा तो भार हलका करतं आणि आतलं अंग वर उचललं जातं. मालिश वरून खाली दाबतं. हे खालून वर येऊ देतं. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या पाठीसाठी हे मला फार योग्य वाटतं.

पण मला जे सांगायचं आहे ते विज्ञानातलं नाही. ते मला खूप उशिरा, काकू गेल्यावर सुचलं. आमच्या गावात सून दिवसाउजेडी आडवी होत नसे. ताप असला तरी भिंतीला टेकून बसायची. दुपारी घटकाभर पाठ टेकली तर बाहेरून हाक ठरलेली: पाणी तापलं का, वैरण टाकली का, पोर रडतंय ते दिसत नाही का. फुलपात्र पाठीवर असताना मात्र तिला कुणीही उठवू शकत नव्हतं. सासूची हाक आली की काकूच आतून उत्तर द्यायची, "फुलपात्र लावलंय पाठीला. न्हाई उठायची ती आता." त्यावर सासूकडे बोलायला काही नसे. एरवी कुठल्याही कारणानं न मिळणारी विश्रांती त्या पितळेच्या भांड्यानं मिळायची. भांडं निघालं तरी काकू म्हणायची, वारं लागंल, पड जरा. ती आणखी थोडी मुदत.

आणि पालथं पडलेलं माणूस बोलतं. तोंड घोंगडीत, समोर कुणाचा चेहरा नाही, कुणाच्या नजरेला नजर देण्याचा प्रश्न नाही. माहेरून न आलेला निरोप, दारू, तिसरीही मुलगी झाली त्याचं, असं काय काय मी काडेपेटी हातात धरून ऐकलं. मला ते तेव्हा कळलं नाही. काकू फारसं बोलत नसे. मधूनच "हूं" म्हणायची आणि फुलपात्राची जागा बदलायची. बाहेर पडताना त्या बाया म्हणायच्या, लई हलकं वाटलं बघा. त्यातलं किती पाठीचं होतं आणि किती बोलण्याचं, हे वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही, आणि काढायची गरजही वाटत नाही.

काकूला ही विद्या कुणी दिली ते तिला सांगता येत नसे; तिच्या आईकडे होती, एवढंच. पण या विद्येची मुळं फार खोल गेलेली आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दूषित रक्त काढण्याची तीन साधनं सांगितली आहेत: शिंग, जळू आणि भोपळा. वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळा. शिंगाच्या तोंडावर तलम कापड बांधून तोंडानं ओढायचं आणि पोकळ भोपळ्यात दिवा ठेवून तो लावायचा. तो भोपळा म्हणजेच आपली तुंबडी. माझ्या लहानपणी पावसाळा सरला की वैदूंची पालं गावाबाहेर पडत. त्यांच्या झोळीत मुळ्या, भस्मं, कसली कसली तेलं आणि तुंबड्या असत. ते फासण्या मारून, म्हणजे कातडीवर बारीक चिरा देऊन, वर तुंबडी लावून रक्त काढत. काकूला ते पसंत नव्हतं. रक्त काढायचं काम घरात करायचं नाही, हा तिचा नियम होता, आणि इतक्या वर्षांनी मला तो अतिशय शहाणपणाचा वाटतो. चिरा देणं हे शिकलेल्या हाताचं, स्वच्छ पात्याचं, हातमोज्यांचं काम. पुण्याच्या कोंढव्यात आता या चिरा देऊन कप लावण्याच्या उपचाराच्या, 'हिजामा' अशा पाट्या दिसतात. माझे एक मुस्लिम सहकारी चांद्रमासाची सतरावी, एकोणिसावी किंवा एकविसावी तारीख बघून तिथं जायचे, कारण त्या तारखा त्यांच्या परंपरेत या उपचारासाठी चांगल्या मानल्या आहेत. जाऊन आले की दिवसभर शांत असायचे. त्या शांतपणात श्रद्धेचा वाटा मोठा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

आमच्या घरी कप आले ते भाच्यामुळे. त्यानं ऑनलाइन मागवलेला डबा मामीच्या हातात ठेवला. आत पारदर्शक प्लॅस्टिकचे लहानमोठे कप, प्रत्येकाच्या डोक्यावर एक झडप, आणि हवा ओढायला पिस्तुलाच्या आकाराचा हातपंप. आग नाही, वात नाही, भाजण्याची भीती नाही. डब्यावर एक हसरी तरुणी स्वतःच्याच खांद्याला कप लावताना दाखवली होती. बायकोनं तसा प्रयत्न केला. खांद्याच्या वरच्या बाजूला हात पोचला. पण तिचं दुखणं दोन पात्यांच्या मधे, जिथं तिचाच काय, कुणाचाच हात पोचत नाही. देवानं माणसाला हात असे दिले आहेत की पाठीचा मधला भाग कायम दुसऱ्याकडे मागावा लागतो. तिनं डबा माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "अहो, तुम्हीच लावा."

मग मी तिची पाठ बघितली. इतकी वर्षं संसार केला, पण चांगल्या उजेडात, चष्मा लावून, बोटानं चाचपत अशी कधी बघितली नव्हती. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा वर चढलेला होता, कारण कात्री त्या हातात. मानेच्या मुळाशी मंगळसूत्राची फिकट रेघ. डाव्या पात्याखाली एक जुना बारीक डाग, बहुधा लहानपणी चुलीशी भाजल्याचा. तो आहे हे तिलाच माहीत नव्हतं. मी तेल लावलं, बोटं मानेपासून खाली आणत गेलो आणि जिथं तिचा श्वास अडला तिथं थांबलो. माझ्या हातांनी हे कधी शिकलं ते मला सांगता येणार नाही. काकूच्या शेजारी बसून नुसतं बघण्यातून ते आत गेलं असणार.

कप टेकवायचा, पंप लावायचा, एक-दोन ओढी. कपाच्या आत कातडी घुमटासारखी वर येते, आधी गुलाबी होते, मग तिच्यात गडद ठिपके उमटायला लागतात. "ओढतंय का?" मी विचारतो. "ओढतंय, पण बरं वाटतंय," ती म्हणते. जास्त ओढलं की ती लगेच सांगते आणि मी झडप किंचित उचलून थोडी हवा आत सोडतो. पाच-सात मिनिटं, फार तर दहा. त्याहून जास्त ठेवलं तर फोड येतो. मणक्याच्या हाडावर लावत नाही, तिळावर नाही, मानेच्या पुढच्या बाजूला तर कधीच नाही. ती दहा मिनिटं मी शेजारी बसून राहतो. पेपर घेऊन बसत नाही, टीव्ही लावत नाही. मशीन बंद असतं. फोन वाजला तरी तिला उठता येत नाही, आणि ब्लाउज आजच पाहिजे म्हणणाऱ्या बायकांना मी सांगतो की ती आता उठणार नाही. हे सांगताना मला काकूचाच आवाज आपल्या तोंडून येतोय असं वाटतं.

तीही बोलते. उशीत तोंड असल्यानं शब्द थोडे गुदमरलेले येतात. एकदा तिनं सांगितलं की लग्नाआधी तिला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म आणलेला होता, भरलेलाही होता. मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून मी खालचा कप काढला आणि थोडा वर लावला.

या उपचाराच्या खुणा आठवडा-दहा दिवस राहतात. कातडीखालच्या केशवाहिन्या फुटून थोडं रक्त पसरतं, त्याची ती वर्तुळं. आधी जांभळी, मग तपकिरी, मग पिवळट. २०१६ मध्ये रिओच्या ऑलिम्पिकला मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर ती सगळ्या जगानं पाहिली. आमच्याकडे ती एका लग्नात दिसली. बायकोचा पदर सरकला आणि मागच्या बायकांत कुजबुज झाली. मग एकेक जण विचारायला आली. काय झालं, फार दुखतं का, कधीपासून, डॉक्टर काय म्हणतात. परतताना ती रिक्षात म्हणाली, "इतकी वर्षं मान दुखते म्हणत होते, तर कुणी मान वर करून बघितलं नाही. आज डाग दिसले तर सगळ्यांना खरं वाटलं." ती तक्रार करत नव्हती. पण मला ते फार लागलं. हात मोडला तर प्लॅस्टर दिसतं, तापात कपाळ तापलेलं लागतं. जुनाट पाठदुखीचं दाखवण्यासारखं काहीच नसतं. माणूस सकाळी उठतो, अंघोळ करतो, कामाला लागतो, हसतोसुद्धा. त्याच्या दुखण्याला पुरावा नाही म्हणून ते घरातल्या घरात हळूहळू खोटं ठरत जातं. त्या काळ्यानिळ्या वर्तुळांनी दुखणं किती कमी केलं ते मला मोजता येत नाही. पण ते दुखणं आहे, हे त्यांनी चारचौघांत सांगितलं.

कपांनी बरं वाटतं यावर वैद्यकातली माणसं सावधपणे बोलतात, आणि तो सावधपणा मला मान्य आहे. काही काळ आराम पडतो असं दिसतं, पण पुरावा कच्चा आहे, असं त्यांचं साधारण म्हणणं. एक अभ्यास मात्र वाचला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या जर्मन अभ्यासात मानेचं जुनं दुखणं असलेल्या ६१ जणांचे दोन गट केले होते. एका गटातल्या रुग्णांना घरच्या किंवा जवळच्या माणसानं आठवड्यातून दोनदा कप फिरवून मालिश करायचं. दुसऱ्या गटातल्यांनी एकेक स्नायू आवळून सैल सोडायचा व्यायाम स्वतःचा स्वतः करायचा. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतलं दुखणं कमी झालं होतं आणि दुखण्यात फरक म्हणावा असा नव्हता. पण एकूण बरं वाटण्यात घरच्या माणसाकडून कप लावून घेणारे पुढे होते. अभ्यासक यावर काय म्हणतात ते त्यांचं शास्त्र. मला तो निष्कर्ष वाचताना सोप्यातल्या बायांचं "लई हलकं वाटलं" ऐकू आलं.

कारण तोच कप परक्या हातात काय होतो तेही लिहून ठेवलेलं आहे. जॉर्ज ऑर्वेल १९२९ मध्ये पॅरिसच्या एका सार्वजनिक रुग्णालयात न्यूमोनियानं पडला होता. पुढे १९४६ मध्ये छापलेल्या 'हाउ द पुअर डाय' या लेखात त्यानं ते दिवस सांगितले. डॉक्टर आणि त्याचा विद्यार्थी आले, समोरच्या रोग्याच्या अंगाला काचेचे पेले लावले, आणि तेच पेले निर्जंतुक न करता याला लावले. त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तीच काच, तीच ज्योत, हवेचा तोच दाब. रशियात मात्र खोकणाऱ्या मुलाच्या पाठीवर आया आणि आज्या काचेचे असेच छोटे पेले लावायच्या, वरून पांघरूण घालायच्या, आणि हलू नको म्हणून शेजारी बसायच्या. त्या पिढीतली कितीतरी माणसं ती आठवण सांगतात. पॅरिसच्या त्या वॉर्डात जे नव्हतं ते त्या पांघरुणाखाली होतं.

म्हणून मला काळजी वाटते ती एकट्या माणसांची. आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. मुलगा परदेशात, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं कंबरेचं दुखणं जुनं. कपांची बातमी त्यांच्यापर्यंत गेली आणि त्या एका दुपारी खाली आल्या, डब्यावरचं चित्र चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हे आपलं आपल्याला लावता येतं का गं?"

बायको म्हणाली, "येत नाही बाई. मी लावते ना."

पण बोलता बोलता कळलं की त्या हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. हाताला नुसतं खरचटलं तरी त्यांना काळं-निळं होतं. बायकोनं डबा बंद केला. पायाला मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास आहे का, हेही तिनं विचारून घेतलं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तिला पाठ आहे, की असलं काही असेल तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. तसं काही नव्हतं. मग तिनं बाईंना आमच्या पलंगावर पालथं झोपवलं आणि तीळतेल कोमट करून आणलं. मी बाहेरच्या खोलीत गेलो.

आता बाई शिवणाची गर्दी नसेल त्या दुपारी येतात. "एक तरी कप लावून बघ की," असं दर वेळी म्हणतात आणि बायको दर वेळी म्हणते, "आधी डॉक्टरांना विचारून या, मग बघू." बाई विचारत नाहीत. डॉक्टर काय सांगतील ते त्यांनाही माहीत आहे. तेल मात्र चुकत नाही. त्यांच्या आईकडे, नागपूरला, म्हणे फुलपात्राऐवजी मुरांब्याची काचेची बरणी वापरत. ती बरणी कुठून आली, कुणी दिली, ही हकिगत त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला घेतली होती. ती अजून पुरी झालेली नाही, दर वेळी तिला नवाच फाटा फुटतो, आणि मधेच त्या विचारतात, "मी कुठपर्यंत आले होते?" बायकोच्या ते लक्षात असतं.